तिसऱ्या प्रतीचं मशीन

कुओने पडद्यावरच्या छातीत, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, एक चौकट ओढली. ती मोठी वाटली म्हणून पुसली आणि पुन्हा लहान ओढली. आत राखाडी रंगाचा एक ठिपका होता, किंवा नव्हता. एक्स-रेची ही फिल्म आठ वर्षांपूर्वीची होती. खाली तेव्हाच्या डॉक्टरचा शेरा होता, ‘दोष नाही’, आणि त्याच्यापुढे कुओने स्वतःच दोन वर्षांपूर्वी केलेली ‘स्वच्छ’ अशी खूण. ती बदलून त्याने ‘संशयित’ केली आणि वहीत आकडा लिहिला. चारशे बारा.

दार वाऱ्याने उघडलं की माणसाने, हे बेटावर या दिवसांत पटकन कळत नाही. या खेपेला मागोमाग खोकला ऐकू आला, म्हणजे आ-मान होती. बावीस खाटांच्या त्या सरकारी रुग्णालयात ती नावाला नर्स होती. चाव्या, औषधं, पेशंटांची भांडणं सगळं तिच्याकडेच असायचं. हातात रानझुडपाच्या काढ्याचे दोन कप होते.

"आली ताइपेची बाई," ती म्हणाली. "धक्क्यावर वाऱ्याने तिची टोपी नेली. तिलाही नेलं असतं, पण पिशवीत कॉम्प्युटर होता म्हणून वाचली."

"तुझा खोकला कधी थांबणार?"

"तू रिटायर झालास की. मला धुळीचा त्रास आहे, आणि या इमारतीत सगळ्यात जुनी धूळ तूच."

तिने पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि एक कप वहीवर ठेवून निघून गेली.

दोन वर्षांपूर्वी रुग्णालय मशीनला फिल्म वाचायला शिकवण्याच्या योजनेत शिरलं तेव्हा जुन्या फिल्मवर खुणा करण्याचं काम कुओकडे आलं होतं. डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलायचे. एक्स-रेच्या खोलीत एकतीस वर्षं टिकून असलेला तो एकटाच. प्रत्येक फिल्मवर डॉक्टरचा शेरा वाचायचा आणि ‘स्वच्छ’ किंवा ‘संशयित’ अशी खूण करायची. खोलीतल्या कपाटात एक मशीन बसवलं होतं, ते या खुणांवरून शिकायचं. देशभरात अशी एकतीस रुग्णालयं होती. फिल्म कुणाचीच कुठे जात नव्हती. प्रत्येक मशीन आपल्याच घरात शिकायचं आणि शिकलेलं तेवढं, नुसत्या आकड्यांत, ताइपेला पाठवायचं. तिथे एकतीस जणांचं शिकणं एकत्र कालवून एक मोठं, शहाणं मशीन तयार व्हायचं आणि ते नव्या फिल्म तपासायला सगळ्यांना परत मिळायचं. छातीरोगाचा डॉक्टर नसलेल्या बेटाला ही मोठीच गोष्ट होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मागच्या शरद ऋतूत कुओची बायको गेली.

सू-छिन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. वार्षिक तपासणीची तिची फिल्म कुओनेच काढली होती. "श्वास घे, धर," असं नवरा काचेआडून सरकारी आवाजात म्हणाला म्हणून ती हसली, आणि पहिली फिल्म हलली. दुसरी नीट आली. शेरा ‘दोष नाही’ असा. चौदा महिन्यांनी काओश्युंग शहरातल्या मोठ्या डॉक्टरने फुफ्फुसाकडे बोट दाखवलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

दहन झाल्यावर तिसऱ्या दिवशी कुओ कामावर आला आणि ती फिल्म उघडून बसला. ठिपका तिथे होता. चौदा महिने तो तिथेच होता. त्याने खूण बदलली. मग तिच्या वयाच्या शेजारणीची फिल्म उघडली, मग मच्छी बाजारातल्या बायकांच्या, मग सगळ्यांच्या. एकदा जे सुटलं ते पुन्हा सुटू नये, मशीनने तरी ते शिकावं, एवढंच त्याच्या मनात होतं. कुणाला विचारलं नाही. पुढे काही दिवस तर विचारायला डॉक्टरही जागेवर नव्हता. जुना फेब्रुवारीत गेला आणि नवा मार्चच्या मध्याला आला.

*

नवा डॉक्टर पान तेहतीस वर्षांचा होता. बेटावरची सक्तीची दोन वर्षं तो दिवस मोजून काढत होता. ताइपेहून आलेल्या चिएनबाईंना त्याने बैठकीच्या खोलीत कुओच्या समोर बसवलं आणि आ-मानने भोपळ्याच्या शेवयांचे डबे मांडले. चिएनबाई चाळिशीच्या आत होत्या. वाऱ्यातल्या मिठाने चष्मा पांढरा झाला होता. तो त्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मशीन बनवणारी माणसं वेगळी होती. कुणाला काय मिळावं हा नियम मात्र बाईंनी बसवला होता.

डॉक्टर पानने सुरुवातच तक्रारीने केली. आम्ही दर महिन्याला आकडे पाठवतो, वीज जाते तरी पाठवतो, आणि योजनेतून मिळणारी मदतीची रक्कम निम्मी का झाली? आम्ही रस्सा दिला, तुम्ही कढण परत पाठवलंत.

बाईंनी शांतपणे सांगितलं. पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखंच मिळत होतं. मग काही रुग्णालयं नुसतंच घेऊ लागली. आकडे म्हणून काहीबाही पाठवायची आणि शहाणं मशीन घरी न्यायची. म्हणून नियम केला. दर तीन महिन्यांनी एकेका रुग्णालयाला वगळून मशीन बनवायचं आणि त्याला धरून बनवायचं. दोन्हींतला फरक म्हणजे त्याचा वाटा. ज्याचा वाटा मोठा त्याला पहिली प्रत, त्याखालच्याला दुसरी, उरलेल्यांना तिसरी. रक्कमही त्याच हिशेबाने.

"आणि आमचा वाटा किती?" पानने विचारलं.

"उणे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला धरलं की मशीन बिघडतं."

पान हसला, मग थांबला. आ-मान दाराशी टेकून उभी होती. तिने कुओकडे पाहिलं नाही.

बाई वातावरण सावरायला म्हणाल्या की मोठ्या बेटापर्यंतच्या विमानातून समुद्रात दगडांची मोठमोठी कडी दिसली, ती काय? पानने उत्साहाने सांगायला घेतलं की ते मासे पकडायचे जुने बांध, भरतीला मासा आत येतो, ओहोटीला अडकतो, ज्याला हवं त्याने जाऊन उचलावा.

"ज्याला हवं त्याने जाऊन बघावं, लोक त्यालाच उचलतील," आ-मान म्हणाली. मग तिने नीट सांगितलं. बांध वीस-पंचवीस घरांचा असतो. देवळात चिठ्ठ्या टाकून दिवस वाटतात. वादळाने बांध फुटला की प्रत्येक घराने दगड वाहायचे. जो दगड वाहायला येत नाही, त्याचा दिवस जातो.

बाईंनी शेवया तशाच ठेवल्या आणि हे वहीत लिहून घेतलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "हाच माझा नियम," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं मी नवीन काही केलं."

कुओने आपला डबा बाजूला सारला. आता त्याने विचारलं, "तिसरी प्रत म्हणजे नक्की काय देता?"

"तेच मशीन, पण मुद्दाम थोडं जाडंभरडं केलेलं. ठळक दोष त्याला कळतात. बारीक कळत नाहीत."

"आम्हाला ते कधीपासून येतंय?"

त्यांनी लॅपटॉपमध्ये पाहिलं. "दोन मार्चपासून."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"पत्र पाठवलं होतं." त्यांनी पुन्हा पाहिलं आणि आधीच्या डॉक्टरचं नाव वाचलं. पान म्हणाला, ते फेब्रुवारीतच गेले.  वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत होता. कुओ उठला, फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबली, आणि बराच वेळ तिथेच पाठमोरा उभा राहिला.

आ-मानची फिल्म त्याने सतरा एप्रिलला काढली होती. मशीनने सांगितलं होतं, स्वच्छ. पानने ते वाचून खोकल्याचं औषध लिहून दिलं होतं. तो खोकला आता मागे, दाराशी, ती हातरुमालात दाबत होती.

*

दुपारी बाईंना कपाटातल्या मशीनचा क्रमांक तपासायचा होता. एक्स-रेच्या खोलीत शिरताच त्या पडद्याकडे पाठ करून बसल्या. पडदा बंद होता तरीही.

"सवय आहे," त्या म्हणाल्या. "पेशंटचं काहीही मी पाहिलं तर सगळी योजनाच खोटी ठरते. लोक आपल्या फिल्म आमच्या भरवशावर आत ठेवतात." मग त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "कुओसाहेब, हिवाळ्यापासून इथे काही बदललं का? मी फिल्म बघू शकत नाही. फक्त विचारू शकते."

कुओने पडदा चालू केला. आ-मानची एप्रिलमधली फिल्म उघडली.

"खुणा मी बदलल्या," तो म्हणाला.

"किती?"

"चारशे बारा."

"डॉक्टरांच्या शेऱ्याच्या विरुद्ध?"

"हो."

"का?"

 टेबलावर आ-मानचा रिकामा कप होता, तो त्याने बाजूला केला. बाई वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की हे कानावर आलं म्हणजे लिहावं लागेल. जाणूनबुजून खुणा फिरवणाऱ्याला योजनेत ठेवत नाहीत. रुग्णालय बाहेर जाईल, आणि जे काही जाडंभरडं मिळतंय तेही बंद होईल. तुम्हाला हे माहीत असायला हवं.

"लिहा," कुओ म्हणाला. "पण त्याआधी माझं एक काम करा. तुमच्या पिशवीत पहिल्या प्रतीचं मशीन आहे ना?"

"चाचणीसाठी आहे."

"एक फिल्म त्यावर टाका."

"ते मला करता येणार नाही."

"एकच. नाव काढून टाकतो."

बाईंनी मान हलवली. त्यांचा आवाज कठोर नव्हता, पण तो अडखळलाही नाही. फिल्म खोलीबाहेर जाता कामा नये, हा पहिला नियम. आणि तिसऱ्या प्रतीच्या घरात पहिल्या प्रतीचं उत्तर दिलं, की उद्या एकतीस घरं दाराशी येतील, प्रत्येकाच्या हातात एकच फिल्म असेल. त्या प्रत्येक फिल्ममागे कुणीतरी असणारच. नियम बसवताना त्यांनी हाच दिवस डोळ्यांपुढे ठेवला होता, असं त्या म्हणाल्या.

"मग मागे वळून नुसतं बघा."

"मी डॉक्टर नाही, कुओसाहेब. मी आजवर एकही फिल्म पाहिलेली नाही. मला त्यातलं काही कळणार नाही."

कुओने पडद्यावरचं ते फुफ्फुस पाहिलं. उजवीकडे, बरगडीच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. एप्रिलमध्येही होतं. तेव्हा त्याने त्याच्याभोवती चौकट ओढली होती आणि मग मशीनचं उत्तर पाहिलं होतं. स्वच्छ. तोवर तीनशेवर फिल्ममध्ये त्याला ठिपके दिसले होते. बंदरावर समोरून येणाऱ्या माणसाच्या शर्टातही ते दिसायचे. आपले डोळे गेले, हे त्याला स्वतःला माहीत होतं. ज्या ठिपक्याने सू-छिनला नेलं, तोच आता जो समोर येईल त्याच्यात दिसतो. आणि ही तर आ-मान होती. हसणारी, टोमणे मारणारी, सू-छिनच्या शेवटच्या महिन्यात रोज रात्री डबा आणून देणारी. आयुष्यात त्या एकदाच त्याने डोळ्यांऐवजी मशीनवर विश्वास ठेवला. चौकट पुसली. चारशे बारा जणांच्या खुणा बदलल्या, तिची तेवढी तशीच राहू दिली.

"बांधाचं तुम्ही लिहून घेतलंत," तो म्हणाला.

"हो."

"त्यात एक राहिलं. माझे वडील आजारी होते त्या वर्षी आम्ही दगड वाहिले नाहीत. आमचा दिवस गेला. पण तो गेला हे आम्हाला देवळात, सगळ्यांसमोर सांगितलं. आई त्या दिवशी बाजारातून मासा घेऊन आली." त्याने तो रिकामा कप पुन्हा जागेवर ठेवला. "आमचा दिवस आहे असं सांगून नासका मासा कुणी टोपलीत घातला नाही."

 बाईंनी चष्मा काढून पुसला, पण तो आता स्वच्छच होता. मग त्यांनी वही उघडली. पुढच्या तिमाहीपासून प्रत पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसेल अशी सूचना मी मांडते, असं त्या म्हणाल्या. ते मंजूर होईल. कुणाचा विरोध असणार नाही.

"पुढच्या तिमाहीपासून," कुओ म्हणाला.

"हो."

त्यांनी चारशे बारा हा आकडा लिहिला, तारीख घातली, त्याच्याकडून सही घेतली. उठताना दोन्ही हातांनी वही छातीशी धरून त्या वाकल्या आणि पडद्याकडे न बघता, भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या. तीनची बोट सुटायला चाळीस मिनिटं होती.

*

आ-मान औषधांच्या कपाटाला कुलूप लावत होती. कुओ म्हणाला, चल, फिल्म काढायची आहे.

"कुणाची?"

"तुझी."

"वर्षातनं दोनदा? लग्नात सुद्धा माझे एवढे फोटो नाही काढले." पण ती आली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने पुढचा विनोद केला नाही. कोट खुंटीला अडकवला, गळ्यातली देवळातल्या ताईताची लाल पुडी काढून खिशात ठेवली, आणि सांगायच्या आत एक्स-रेच्या पाटीला छाती टेकवून उभी राहिली. वीस वर्षं तिने इतरांना असंच उभं केलं होतं.

"मशीनला दाखवणार?" तिने विचारलं.

"नाही. उद्या सकाळच्या विमानाने काओश्युंग. पानने सही केली आहे. मी बरोबर येतोय."

"तू?"

"तिकिटं काढली."

 पाटीवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती आणि जात होती.

"तू खुणा बदलतोस ते मी पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, बदलू दे. पडद्यातल्या छातीला काय दुखतंय. तेवढंच मन रमतं बिचाऱ्याचं."

कुओने तिचे खांदे पुढे वळवले. कोपर पाटीला लावलं. हनुवटी थोडी वर केली.

"दादा, एप्रिलमध्ये काही दिसलं होतं का तुला?"

तो काचेआड गेला. आत नेहमीसारखा दिवा मंद होता. खुर्चीवर सू-छिनने विणलेली जुनी उशी होती. त्याने बटणावर बोट ठेवलं. काचेतून आ-मानची पाठ दिसत होती, आणि पाठीवर बनियनच्या पट्टीखाली सेफ्टी पिन लावलेली होती. ती फिल्ममध्ये येईल, काढायला सांगायला हवं, हे त्याच्या लक्षात आलं. तो बाहेर आला, ती पिन स्वतः काढली, आणि पुन्हा आत गेला. ती वाट बघत होती.

"श्वास घे," तो म्हणाला.

तिने घेतला.

"धर."

आ-मानने श्वास धरला.